सटवाईचा तांब्या

आमच्या सासरी बाळंतिणीला पाणी देत नसत. म्हणजे अगदी थेंबही नाही असं नव्हे. सकाळी एक वाटी आणि दिवेलागणीला एक वाटी सुंठ-पिंपळीचा काढा मिळे, तोही आटवून आटवून घसा जाळत खाली उतरेल असा. पण साधं, गार, विहिरीतून काढलेलं पाणी म्हणाल, तर बारसं होऊन विहीर पुजेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. पाणी प्यायलं की बाळंतिणीचं अंग ओलं राहतं, ती ओल दुधात उतरते, आणि लेकराला थंडी भरून ते हातचं जातं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. ही समजूत कोणी काढली, कशावरून काढली, हे विचारायची सोय नव्हती. विचारणारी मी एकटीच होते, आणि तेव्हा मी खाटेवर आडवी होते.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात मोडायचा. माझं माहेर गोंदियाला लागून, कुडव्याला. वडील राइसमिलमध्ये मुकादम होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण आई माझ्या लहानपणीच गेलेली, मग माहेरी माझं करणार कोण? म्हणून ते सासरीच झालं, तिरोड्याच्या पुढे, कच्च्या रस्त्यानं बैलगाडीला अर्धा दिवस लागे अशा गावात. सासूबाईंनी वडिलांना सांगितलं होतं, "आमी करू हिचं बारंतपन. काई कमी नाही पडू देऊ." खोटं कशाला बोलू, पाणी सोडलं तर त्यांनी काही कमी पडू दिलंही नाही. तूप होतं, जुना तांदूळ होता, अंगाला तेल होतं, डब्यात जवसाचे लाडू होते. त्या लाडवांचा मला आजही राग येतो. कोरड्या तोंडात जवसाचा लाडू म्हणजे भुशाचा घास.

मला मुलगी झाली ती रोवण्याच्या दिवसांत. रोवणा म्हणजे आमच्याकडे धानाची लावणी. तेव्हा घरात कोणी थांबत नाही, म्हातारीकोतारीही चिखलात उतरतात. सकाळी सगळे शेतावर गेले की घरात मी, माझी तान्ही आणि माझी मोठी जाऊ, एवढ्याच उरत असू. माझी खोली माजघराच्या मागे होती. खिडकी नाही, दाराला गोणपाटाचा पडदा, आणि खाटेखाली गोरसी. गोरसी म्हणजे मातीची शेगडी. तिच्यात धानाचा कोंडा आणि गोवरीचे तुकडे दिवसभर धुमसत ठेवायचे. वरून ओव्याची धुरी. बाहेर सारं शिवार पाण्यात उभं होतं, वळचणीची धार अंगणात पडताना ऐकू यायची, आणि मी आत भाजत पडले होते.

तहान म्हणजे काय ते त्या खोलीत कळलं. आधी घसा कोरडा पडतो, ते काही विशेष नाही. मग जीभ जड होते आणि टाळूला चिकटते. मग डोक्यात दुसरा विचारच येत नाही. मी डोळे मिटले की मला कुडव्याच्या आमच्या घरातला माठ दिसायचा, त्यावरचं झाकण आणि झाकणावरचा पेला. तान्हीकडे बघायचं सोडून मी माठाकडे बघत असायचे. लघवीला आग व्हायची. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तर सासूबाई गोरसीत आणखी कोंडा घालायच्या.

"मामीजी, घोटभर पानी द्या ना. गला पुरा सुखून रायला," मी सासूबाईंकडे पहिल्यांदा मागितलं तेव्हा त्या रागावल्याही नाहीत, हसल्या.

"हे पाहा कुडव्याची हिंदीवाली. अवं, काढा देला ना सकारी? आमी का पानी पेत होतो? आमी मेलो का?"

ज्या मेल्या त्या सांगायला येत नाहीत, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जीभ उचलेना.

मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्या जावेकडे हात केला. "हिलेच विचार. हिनं पेलं होतं पानी. का झालं मंग?"

 जावेनं माझ्या अंगावरची घोंगडी नीट केली आणि ती बाहेर गेली.

तिची गोष्ट मला लग्नानंतर महिनाभरातच कळली होती. घरात कोणी सांगितली नाही. शेजारणीनं सांगितली, आणि नंतर पाणवठ्यावर सगळ्यांनीच सांगितली. तिला पहिला मुलगा झाला होता. बाळंतपणात तिनं चोरून पाणी प्यायलं. ते सासूबाईंना कळलं, आणि पुढे बारसं व्हायच्या आतच मुलगा गेला. त्यानंतर तिची कूस उजवली नाही. गावात कुठेही बाळंतपण झालं आणि बाळंतीण पाण्यासाठी कासावीस झाली, की बायका माझ्या जावेचं उदाहरण द्यायच्या. ती समोर उभी असली तरी द्यायच्या, आणि ती खाली मान घालून ऐकून घ्यायची.

म्हणून मला राखायला तीच. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. ती तर दुसऱ्याचंही ताक फुंकत होती. मी चूळ भरायला पाणी मागितलं तर हातात वाटी देऊन समोर तस्त धरून उभी राहायची, आणि तोंडाकडे नाही, माझ्या घशाकडे बघायची. घसा हलला की "थुंक" म्हणायची. आंघोळीच्या वेळी न्हाणीतून हलायची नाही. ओलं फडकं माझ्या हाताला लागू द्यायची नाही. मला तिचा इतका संताप यायचा की एकदा मी चुळीचं सगळं पाणी तिच्या पायावर थुंकले. तिनं पाय मागे घेतला, इतकंच.

तिचं स्वतःचं पाणी पिणंही मी पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. माजघरातल्या माठाशी पाठमोरी उभी राहून ती एकच घोट घ्यायची, ओठ पदरानं पुसायची आणि मागे वळून बघायची. सासूबाई घरात असल्या तर तेवढंही नाही. स्वतःच्याच घरात चोरासारखी प्यायची.

सासूबाईंकडे डाळ शिजेना म्हणून मी आमच्या ह्यांना गाठलं. सुवेर होतं, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, पुरुषमाणूस आत येत नसे. संध्याकाळी शेतावरून आल्यावर ते पडद्यापलीकडे उभे राहून "बरी हाय ना?" विचारायचे. मी म्हटलं, बरी नाही, तहानेनं जीव चाललाय, आईला सांगून पाणी द्यायला लावा.

"हे बाईलोकाचं काम होय. मी का बोलू त्याच्यात?" ते म्हणाले. "आई करते थे तुह्या भल्यासाठीच करते." मग मला बरं वाटावं म्हणून असेल, आनंदानं म्हणाले, "आवंदा पानी मस्त हाय. धानाच्या बांध्या तुडुंब भरल्या."

माझ्या हातात जवसाचा लाडू होता. तो मी भिरकावला. लाडू चौकटीवर फुटला आणि ते निघून गेले.

हसण्यासारखं होतं, पण हसायला मला त्राण नव्हतं, कारण तोवर खरी भीती सुरू झाली होती. दूध उतरत नव्हतं. पहिला चीक सासूबाईंनी पिळून टाकायला लावला होता, तीही रीतच. पुढचं दूध येईपर्यंत शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून तान्हीच्या ओठांत द्यायची. नंतर दूध आलं, पण थोडंसं येऊन आटल्यासारखं झालं. पोरगी ओढून ओढून थकायची, मान टाकून रडायची, परत ओढायची. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून गोरसीत टाकल्या आणि आम्हा दोघींना खोकून खोकून बेजार केलं. तान्हीचा आवाज मात्र दिवसागणिक बारीक होत गेला. आधी तिचं रडणं अंगणात ऐकू जाई. मग माजघरात. मग मला एकटीलाच.

मी जावेला म्हटलं, "बाई, माह्या अंगात पानीच नाही, त दूध कुठून येईन?"

"मले बी तसंच वाटत होतं," ती म्हणाली, आणि तान्हीचं दुपटं सारखं करू लागली.

सहाव्या दिवशी सटवाईची पूजा झाली. माझ्या उशाशी पाटा मांडला. पाट्यावर हळद-कुंकू, तेलाचा दिवा, कोरी पाटी आणि लेखणी. आणि शेजारी पितळेचा तांब्या, चिंचेनं घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला, वर आंब्याचं पान. सासूबाईंनी हात जोडले आणि मला समजावून सांगितलं, "देवी लगीत दुरून चालत येते. थकते बिचारी. पानी पेते, घडीभर बसते, मंग लेकराचं नशीब लिवते. थे पानी उद्या मी वावरातून आली का तुरशीले घालीन. तोवर कोनी हात नाही लावायचा."

देवी फार लांबून येते, दमते, तिला तहान लागते, हे त्यांना कळत होतं. मी कुठून चालत आले होते, ते मात्र कोणाला कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, तेही आलं नाही. अंगातलं पाणी खरंच संपलं होतं.

रात्रभर सासूबाई खाटेशी बसून होत्या, त्यामुळे काही करायचा प्रश्नच नव्हता. आणि माझीही छाती झाली नसती. मी काही देव न मानणारी नाही. देवी लिहायला बसायच्या आत तिच्या पाण्याला तोंड लावलं आणि ती चिडली, तर माझ्या पोरीच्या कपाळावर काय लिहील? मी तांब्याकडे पाठ करून पडले.

सकाळी सगळे शेतावर गेले. ऊन वर आलं तरी पोरगी उठेना. मी तिला छातीशी धरलं, तिनं तोंड उघडलं नाही. तळव्यावर टिचकी मारली. तिनं पाय जरासा आखडला, पण रडली नाही. माझं बोट तिच्या ओठांत घातलं तर तोंड आतून कोरडं लागलं. आणि तिच्या डोक्यावर हात फिरवला, तेव्हा टाळू खोल गेलेली लागली. वाटीसारखी खोल. मी जावेला हाक मारली. हाक कसली, घोगरा आवाज निघाला.

ती धावत आली. तिनं तान्हीच्या पायाला हात लावला, पोटाला लावला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "थंडी भरली," ती म्हणाली. "आच वाढवतो. थांब."

आणि ती आणखी निखारे आणायला गेली.

आणखी आच! मी त्या पडद्याकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात एकदम स्वच्छ झालं. ही आता निखारे आणील, मी आणखी सुकेन, पोरगी आणखी सुकेल, आणि संध्याकाळी सगळ्या बायका जमून म्हणतील, देवीनंच असं लिहिलं होतं. देवीनं जे लिहायचं ते रात्री लिहून झालं होतं. आता तांब्यात उरलं होतं ते तिचं उष्टं. उष्टं म्हणा नाहीतर प्रसाद म्हणा. मी आंब्याचं पान बाजूला ठेवलं आणि तांब्या दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला.

पाणी गार होतं. पितळेचा वास होता त्याला. पहिला घोट घशात अडकला, दुसरा दुखत गेला, आणि मग मी थांबलेच नाही. हनुवटीवरून, मानेवरून पाणी ओघळत होतं आणि मी पीत होते. तेवढ्यात पडदा सरला. जाऊ खापरात निखारे घेऊन उभी होती.

तांब्यात अजून अर्धं पाणी होतं. मी तिच्या डोळ्यांत बघत ते संपवलं.

तिच्या हातातलं खापर खाली ठेवता ठेवता कलंडलं आणि निखारे जमिनीवर पसरले. ती ओरडेल, माझे केस धरेल, असं मला वाटलं होतं. ती उंबऱ्यावर बसली.

"का केली तू हे?" ती म्हणाली. "बाई वं, का केली? लेकरू मारशीन."

"लेकरू मरूनच रायलं, बाई. तिची टाळू पाहा. कोरडी पडून मरून रायली थे."

"मी बी असंच पेली होती." ती माझ्याशी बोलत नव्हती, जमिनीवरच्या निखाऱ्यांशी बोलत होती. "असेच सारे रोवन्याले गेले होते. पुरा लोटा पेली. मले मस्त वाटलं होतं वं. लगीत मस्त वाटलं होतं."

इतकी वर्षं तिला नेमकं काय खात होतं, ते मला तेव्हा कळलं. पोर गेलं हे दुःख तर होतंच. पण त्या पाण्यानं तिला बरं वाटलं होतं, हे तिला स्वतःला माफ करता येत नव्हतं.

ती उठली. "मामीजीले बोलावतो वावरातून," म्हणाली.

मी तिचा पदर धरला. तो सुटला असता तर सासूबाईंनी मला माझ्या पोरीजवळ ठेवलंच नसतं, शेळीच्या दुधावर टाकलं असतं, आणि घोटभर दुधासाठी ओठ हलवायची ताकदही त्या पोरीत उरली नव्हती. मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांबा. दूध नाही उतरलं त मीच सांगीन मामीजीले. तुमचं नाव नाही घेणार. पन दुपारपर्यंत थांबा."

तिनं पदर ओढला. मी सोडला नाही. शेवटी तिनं चिमट्यानं निखारे गोळा केले, बाहेर नेऊन टाकले आणि परत येऊन खाटेशी बसली. गोरसीत मात्र तिनं काही घातलं नाही.

त्या सकाळइतकी लांब सकाळ मी पुन्हा पाहिली नाही. मी तान्हीला छातीशी धरून होते, आणि जाऊ तिचा एक पाय मुठीत धरून होती.  कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी दुधाची वाट बघतेय. ती मरणाची वाट बघत होती. बाहेर पाऊस थांबला, परत आला, परत थांबला. मला घाम फुटला, किती दिवसांनी. मग छातीत ओढ लागल्यासारखं झालं. आधी एका बाजूला, मग दोन्ही. मी थेंब पिळून पोरीच्या ओठांवर सोडला. तो गालावरून ओघळला. दुसरा सोडला. तिसऱ्याला तिची जीभ हलली.

मग तिनं तोंड लावलं. पहिल्यांदा नुसती चाटली, मग ओढायला लागली, आणि खोलीत आवाज आला, गट्, गट्. जाऊ वाकली आणि तिनं कान जवळ आणला. बराच वेळ ती तशीच वाकून होती. नंतर उठली, रिकामा तांब्या पदराखाली घेतला आणि विहिरीकडे गेली. परत आली तेव्हा तांब्या भरलेला होता आणि वर आंब्याचं पान होतं.

संध्याकाळी सासूबाई शेतावरून आल्या, पाय धुतले आणि तांब्या उचलला. जावेच्या हातून पाणी जरा कमी भरलं होतं. काठापासून बोटभर खाली. सासूबाईंचा चेहरा उजळला. "पेली वं माय! देवी पेली! म्हनूनच लेकराच्या तोंडावर पानी दिसून रायलं." त्यांनी तांब्याला डोकं टेकवलं. जाऊ चुलीकडे वळली आणि मी तान्हीच्या कुंचीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

तुम्हाला वाटेल, इथं सगळं निवळलं. नाही. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बाई, पानी." ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "काल पेली त मेली का हे?" ती म्हणाली, "माहा बी दुसऱ्या दिसी नाही मेला."   थोड्या वेळानं तिनंच पेला आणून खाटेखाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. त्यानंतर रोज आणायची. पण ती मला पाणी पाजत होती, असं मला कधी वाटलं नाही. ती काहीतरी तपासत होती. मी पेला संपवला की ती लगेच तान्हीचे पाय चाचपायची, पोट दाबून बघायची, श्वासाला कान लावायची. लेकरू गेलं तर तिचा अपराध पक्का होता. लेकरू जगलं तर काय, हे तिनं तोवर मनाशी म्हटलं नव्हतं.

एकदा तान्हीला शिंका आल्या. एकामागून एक. दुपारी तिचे पाय गार लागले. जावेनं तिला माझ्या कुशीतून उचललं, उराशी धरलं आणि खोलीभर फिरायला लागली. "आता सांगतो. आज सांगतोच मामीजीले. मी दोन लेकरं मारली." मी खाटेवरून उतरले, तशी भिंत फिरली. भिंतीला धरून मी तिच्यापर्यंत गेले आणि दुपटं उचलून दाखवलं. पोरीनं अंथरूण ओलं केलं होतं आणि ओल्यात पडून पाय गारठले होते. एवढंच होतं ते. जाऊ ते ओलं दुपटं हातात धरून कितीतरी वेळ बघत उभी राहिली. मग कोरडं आणलं.

त्या दिवशी तिनं मला दोन पेले पाणी दिलं.

बारसं झालं. पोरगी गुबगुबीत नसली तरी रडली की परसापर्यंत ऐकू जात होती. त्याच दिवशी विहीर पुजायची होती. बायका मला हाताला धरून परसात घेऊन गेल्या. इतक्या दिवसांनी उजेडात आल्यानं माझे डोळे दिपले. विहिरीच्या काठाला मी हळद-कुंकू लावलं, ओटी वाहिली. सासूबाईंनी बादली ओढली आणि म्हणाल्या, "पे आता. आता काई नाही होत." मी ओंजळ धरून प्यायले. सगळ्यांच्या हिशेबानं ते माझं पहिलं पाणी होतं.

बायका कौतुक करत होत्या. कोणाचं? माझ्या जावेचं. "हिनं राखलं म्हनून लेकरू वाचलं," शेजारीण म्हणाली. "एक थेंब नाही पेऊ देला. आपलं गेलं, पन अक्कल आली बिचारीले."

जाऊ तान्हीला खांद्यावर घेऊन माझ्या बाजूला उभी होती.  बायका पानसुपारी घ्यायला अंगणात वळल्या, तेव्हा ती माझ्या कानाशी आली. आवाज अगदी खाली होता.

"मंग माहं लेकरू कायले गेलं वं?"

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, लेकरू जगलं की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी किती मूर्ख होते! आजवर तिच्याकडे निदान उत्तर तरी होतं. वाईट होतं, पण होतं. ते मी काढून घेतलं होतं, आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्यापाशी काही नव्हतं. ते पोर का गेलं, मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. त्या काळी लेकरं जात. का जातात हे सांगणारं गावात कोणी नव्हतं, पण कोणामुळे गेलं हे सांगायला सारं गाव तयार होतं.

"मले नाही माहीत, बाई," मी म्हटलं. "पन पान्यानं नाही गेलं."

 मी तिच्या खांद्यावरून माझी पोरगी घेतली आणि डाव्या कुशीत धरली. उजव्या हातानं बादली काठावर तिरकी केली. बाळंतिणीनं वजन उचलायचं नसतं, तेही मी त्या दिवशी मोडलं.

"ओंजळ धरा," मी म्हटलं.

तिनं अंगणाकडे बघितलं. सासूबाई पानसुपारीचं तबक घेऊन आमच्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, ही आता पाठ फिरवेल. पण तिनं खाली बसून दोन्ही हात जोडून पुढे केले, आणि मी पाणी सोडलं. ती प्यायली. ओंजळ भरली, प्यायली, परत भरली. पाणी तिच्या कोपरांवरून लुगड्यावर ओघळत होतं, आणि ती रडत होती की पीत होती ते कळायला मार्ग नव्हता.

"पुरे वं," सासूबाई तिकडून ओरडल्या. "किती पेशीन?"

जावेनं ओंजळ मागे घेतली नाही. मी ओतत राहिले.